विहिरीतल्या काळविटावर हक्क कोणाचा?

उन्हाळा चढला की परभणी जिल्ह्यातल्या दैनिकांत एक बातमी हमखास येते. पाण्याच्या शोधात आलेले हरीण विहिरीत पडले, गावकऱ्यांनी दोर आणि बाज सोडून ते बाहेर काढले आणि वनविभागाला कळवले. कधी हरणाऐवजी रोही असतो, कधी रानडुक्कर, कधी कुत्र्यांनी फाडलेला मोर. राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांत परभणीची गणना होते. जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेचे टोक आणि गंगाखेडकडे बालाघाटाचे डोंगर सोडले, तर बाकी सगळी गोदावरी, दुधना आणि पूर्णेच्या खोऱ्यातली काळी कसदार जमीन. त्यामुळे इथला वन्यप्राणी जंगलात नसतो, तुरीत आणि हरभऱ्यात असतो. तो जखमी झाला, तर वनरक्षकाच्या आधी शेतकऱ्याला दिसतो. अशा वेळी काय करायचे, याचे उत्तर आज एखाद्या पत्रकात चार ओळींत सांगता येते. लोकांना ते पटत का नाही, हे मात्र पत्रकात सापडत नाही. त्यासाठी मागे जावे लागते. माझे म्हणणे असे, की जखमी जनावराचे काय करायचे हे आपल्याकडे नेहमी त्याच्यावर हक्क कोणाचा यावरून ठरत आले. जुने हक्क दोन होते, मारणाऱ्याचा आणि तारणाऱ्याचा. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने दोन्ही मोडीत काढले. पहिला गेला हे समाजाने बऱ्यापैकी मान्य केले आहे. दुसराही गेला, हे अजून कोणाच्या गळी उतरलेले नाही.

मारणाऱ्याचा हक्क आधी पाहू. शिकारीच्या जगात बेवारस जखम नसतेच. अंगात बाण असेल तर तो कोणाचा तरी असतो, आणि ज्याचा बाण त्याचे जनावर. एकाच रानडुकरात दोघांचे बाण घुसले म्हणून किरातरूपी शंकर आणि अर्जुन यांची जुंपली. भारवीचे सगळे महाकाव्य त्या प्रसंगाकडे चालत जाते. मराठवाड्याच्या माळांवर हा हक्क पिढ्यानपिढ्या पारध्यांनी चालवला. फासेपारधी जमिनीलगत फाशांची ओळ लावून काळवीट आणि तित्तर धरायचे. गायपारधी शिकवलेल्या गाईच्या किंवा बैलाच्या आडोशाने कळपाजवळ सरकायचे. या लोकांकडे केवळ लूट होती असे समजणाऱ्यांनी माधव गाडगीळ आणि कैलाश मल्होत्रा यांचा अभ्यास वाचावा. फाशात सापडलेली गाभण हरिणी किंवा पाडस सोडून देण्याची रीत फासेपारध्यांत होती, अशी नोंद त्यांनी केली आहे. म्हणजे हाती आलेल्या जनावराचे काय करायचे, याचा एक नियम हरणावर पोट असलेल्या माणसांनीही पाळला होता. त्या नियमामागे दया किती आणि पुढच्या वर्षीच्या शिकारीची तजवीज किती, हे मोजायच्या फंदात मी पडत नाही. जनावर मात्र सुटत होते.

गोऱ्या साहेबांच्या शिकारीचा नियम निराळा होता. हैदराबाद कन्टिंजंटची एक छावणी हिंगोलीला होती, आणि हिंगोली १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. याच कन्टिंजंटमध्ये नोकरी केलेल्या आर. जी. बर्टन यांनी १९२८ मध्ये दख्खनच्या शिकारीवर पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळच्या शिकारी सभ्यतेत एक दंडक पक्का होता: जखमी जनावर तसेच सोडून यायचे नाही, माग काढून त्याला संपवायचे. त्यात जनावराच्या यातना थांबवण्याचा विचार होता, आणि जखमी वाघ किंवा बिबट्या उद्या गुराख्यावर पडेल ही जबाबदारीही होती. नेम चुकवणाऱ्याने निस्तरायचे, असा सरळ हिशेब. हा दंडक पुढे फार टिकला नाही. १९४८ मध्ये निजामाची सत्ता संपली, बंदुका वाढल्या, जीप आल्या, आणि रात्री दिव्याच्या झोतात गोठून उभ्या राहिलेल्या काळविटांवर गाडीतूनच गोळ्या सुटू लागल्या. देशभरातले काळविटांचे मोठे कळप स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत विरळ झाले, त्याचे हे एक मोठे कारण. जीपमधून उतरून जखमी हरणाचा माग काढायला कोणाला वेळ होता? मारणाऱ्याने हक्क ठेवला आणि त्याच्याबरोबरची जबाबदारी टाकून दिली. १९७२ ची शिकारबंदी लोकांना न्याय्य वाटली, ती यामुळेच. फक्त त्या बंदीची खरी किंमत जीपवाल्यांनी मोजली नाही, पारध्यांनी मोजली. १८७१ पासूनच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी ज्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्यांचा तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून निघाला आणि वीस वर्षांनी त्यांचा धंदाच गुन्हा ठरला.

तारणाऱ्याचा हक्क यापेक्षा जुना आहे आणि जास्त चिवट आहे. बाणाने घायाळ झालेल्या हंसाची गोष्ट शाळेत न ऐकलेला माणूस विरळा. हंस पाडणाऱ्या देवदत्ताचा, की उचलून जपणाऱ्या सिद्धार्थाचा? निवाडा होतो तो वाचवणाऱ्याच्या बाजूने. ही गोष्ट दयेची म्हणून सांगितली जाते, पण तिची बांधणी मालकी हक्काच्या खटल्याची आहे. शेवटी हंस कोणाचा तरी होतोच. कण्वाच्या आश्रमातल्या शकुंतलेने दर्भाने तोंड कापलेल्या पाडसाला इंगुदीचे तेल लावले, सावे चारून वाढवले, आणि ती सासरी निघाली तेव्हा त्याने तिचा पदर धरला. जखमी रानटी जनावरावर केलेल्या उपचाराचे याहून सुंदर चित्र आपल्या परंपरेत नाही. तेही संपते जनावर माणसाचे मूल होऊन. ज्याने वाचवले त्याचे ते, ही समजूत आपल्या हाडीमासी खिळली आहे ती अशा गोष्टींमुळे. आज एखाद्या वस्तीवर पायाला जखम झालेले पाडस दुधाच्या बाटलीवर वाढवले जाते, त्याच्या गळ्यात घुंगरू बांधले जाते, तेव्हा आपण गुन्हा करत असल्याची पुसट शंकाही त्या कुटुंबाला नसते. आपल्या समजुतीप्रमाणे ते पुण्य करत असते.

पण याच परंपरेत दुसराही धागा आहे आणि तो परभणीच्या मातीला अधिक जवळचा आहे. जिंतूरजवळ नेमगिरीच्या डोंगरात जैन तीर्थंकर नेमिनाथांची भव्य मूर्ती आहे. नेमिनाथांची कथा अशी: लग्नाची वरात वधूच्या दारी निघाली असताना मेजवानीसाठी कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश त्यांच्या कानी पडला. त्यांनी रथ फिरवला, वधू राजुलला आणि राज्याला पाठ दाखवून ते गिरनारवर गेले. जनावरे सुटली. ती नेमिनाथांची झाली नाहीत. तेराव्या शतकात चक्रधरस्वामींच्या लीळांत सशाचा प्रसंग आहे. पारध्यांच्या कुत्र्यांपुढून जीव घेऊन पळालेला ससा स्वामींच्या गुडघ्याखाली शिरतो. पारधी तो मागतात, स्वामी देत नाहीत, बोलणे होते, पारधी निघून जातात. मग स्वामी गुडघा उचलतात आणि सशाला जायला सांगतात. धोका होता तेवढा वेळ आसरा दिला, आणि धोका टळताच वाट मोकळी केली. सशाला घरी नेऊन पाळल्याची गोष्ट कोणी लिहिली नाही. उलट पाळणाऱ्याचे काय होते, याची गोष्ट भागवताच्या पाचव्या स्कंधात आहे. भरत राजाने राज्य सोडले, पण नदीत वाहत आलेले पोरके पाडस त्याला सोडवेना. मरताना डोळ्यांपुढे तेच होते म्हणून पुढचा जन्म हरणाचा आला. मराठी कीर्तनकारांनी जडभरताचे आख्यान लावताना ममतेवर बोट ठेवले ते आत्म्याच्या काळजीने. हरणाच्या काळजीने विचार केला, तरी बोट तिथेच जाते.

तारण्याच्या या साऱ्या परंपरेत एक गोष्ट मात्र नव्हती, ती म्हणजे रानटी जनावरावर पद्धतशीर औषधपाणी. अशोकाच्या शिलालेखांत माणसांबरोबर पशूंच्याही चिकित्सेची सोय केल्याचा उल्लेख आहे, पण पुढे आपल्याकडे जी पशुवैद्यकी टिकली ती मालकाच्या जनावरांची. घोड्यांसाठी सलोतरी, बैलाला डाग देणारे आणि वळूचे खच्चीकरण करणारे गावचे जाणकार, पुढे पलटणींचे पशुवैद्य. मुंबईत १८३४ मध्ये पांजरपोळ उभा राहिला तो भाकड गाई, मोकाट कुत्री, पाखरे यांच्यासाठी. परळला पेटिट कुटुंबाच्या देणगीतून जनावरांचे इस्पितळ झाले, १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय निघाले. त्यांचा रोख घोडा आणि गुरे यांच्यावर होता. ज्याच्यामागे मालक आहे त्याला वैद्य मिळाला. रानातल्या जनावराला फार तर अभय मिळाले. मराठवाड्यात लाल कंधारी आणि देवणी गाईच्या दुखण्याची खडानखडा माहिती असणारी माणसे गावोगाव होती, पण मोडल्या पायाच्या काळविटाला काय करायचे, हा प्रश्न त्यांना कोणी विचारत नव्हता. असे काळवीट रात्रीतून लांडग्याच्या नाहीतर माणसाच्या पोटात जाई.

मग १९७२ साल उजाडले. मराठवाड्याच्या आठवणीत ते दुष्काळाचे साल आहे: खडी फोडणारी माणसे, सुकडी, चाऱ्याविना विकलेले बैल. त्याच वर्षी १८ मे रोजी परभणीला कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि त्याच वर्षी इथले पशुवैद्यक महाविद्यालयही सुरू झाले. सप्टेंबरात दिल्लीत वन्यजीव संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. या तिन्ही गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, असे तेव्हा कोणाला वाटले नसणार. कायद्याने काळविटाला पहिल्या अनुसूचीत घातले. शिकारीच्या व्याख्येत मारण्याबरोबर पकडणे आणि फाशात अडकवणे हेही आले. बेकायदा बाळगलेला, मेलेला सापडलेला किंवा चुकून मारला गेलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता ठरला. कलम ३९ ने सांगितले की अशी मालमत्ता कोणत्याही मार्गाने हाती आली, तर ४८ तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवा आणि मागितल्यास सुपूर्द करा. देवदत्त आणि सिद्धार्थ यांचा खटला या कायद्यापुढे आला असता, तर हंस दोघांनाही मिळाला नसता. चार वर्षांनी, १९७६ मध्ये, बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने प्राणिमात्रांविषयी अनुकंपा हे नागरिकाचे कर्तव्य म्हणून ५१ क या कलमात आले. म्हणजे राज्याने माणसाला सांगितले की दया कर, पण जनावर ठेवून घेऊ नकोस. नेमिनाथ आणि चक्रधर यांनी नेमके हेच केले होते, हे कायदा करणाऱ्यांच्या ध्यानीमनीही नसेल.

दरम्यान जखमाही बदलल्या होत्या. जुन्या काळी घायाळ हरणामागे पारधी असे, नाहीतर लांडगा. आता हरीण जखमी होते ते अशा वस्तूंनी, ज्यांचा हेतू हरणाला मारण्याचा नसतो. विहिरीचेच पाहा. सेलू तालुक्यात वालूरला चक्राकार पायऱ्यांची बारव आहे, जिंतूर तालुक्यात चारठाण्याला बारव आहे. बारवेला पायऱ्या असतात, त्या घागर घेऊन उतरणाऱ्या माणसासाठी. पण तिथे चुकून उतरलेले जनावरही चार उड्यांत वर येऊ शकते. यंत्राने उभी खणलेली, कठडा न बांधलेली आजची शेतातली विहीर म्हणजे उलटा मनोरा. आत पडलेल्याला चढायला काही नाही. १९६५ मध्ये पायाभरणी होऊन १९७६ मध्ये लोकार्पण झालेल्या जायकवाडीचा डावा कालवा सुमारे २०८ किलोमीटर धावतो आणि पाथरी-मानवत भागाला पाणी देतो. अस्तर केलेल्या कालव्याच्या काठावरून खूर घसरला की तो पुन्हा टेकत नाही. शेततळ्याला प्लास्टिकचे अस्तर घालतात, पाणी मुरू नये म्हणून. पाण्याला तोंड लावायला उतरलेले हरीण त्याच अस्तरावर घसरत राहते आणि दमून बुडते. याशिवाय कुंपणात सोडलेला वीजप्रवाह, क्लच वायरचे फासे, रस्ते आणि मोकाट कुत्री. यातल्या विहिरी, कालवे आणि शेततळी पुष्कळदा सरकारी अनुदानातून किंवा सरकारी योजनेतून उभी राहिलेली आहेत, हे नमूद करायला हवे.

इथे पहिला आक्षेप येतो. निसर्गात जनावरे मरतातच, माणसाने मध्ये का पडावे? लांडग्याने धरलेल्या पाडसाबाबत हा आक्षेप मला मान्य आहे. ते पाडस हिसकावून घेणारा लांडग्याच्या पिल्लांना उपाशी ठेवतो. पण बिनकठड्याची विहीर निसर्गाने खणलेली नाही. जी जखम आपल्या सोयीने झाली, तिच्यापुढे निसर्गाचे नाव घेऊन हात झटकणे ही शुद्ध पळवाट झाली. गोऱ्या शिकाऱ्याचा दंडक इथे लागू होतो: ज्याच्या हाताने जखम झाली, त्याने निस्तरायचे.

मग निस्तरायचे कसे? काळविटाचे शरीरच याचे उत्तर देते, आणि ते तारणाऱ्याच्या उत्साहाला फारसे सोयीचे नाही. काळवीट पळण्यासाठी घडलेले जनावर आहे. पाठलाग झाला, धरपकड झाली, भोवती कल्ला झाला की त्याचे स्नायू मर्यादेपलीकडे ताणले जातात, अंगात उष्णता आणि आम्ल साठते, स्नायूंचे तंतू फुटून त्यांतली द्रव्ये रक्तात उतरतात आणि मूत्रपिंड निकामी करतात. अंगावर ओरखडाही नसलेले हरीण त्यामुळे तासाभरात, कधी दोन-चार दिवसांनी मरते. विहिरीतून सुखरूप काढलेले हरीण दुसऱ्या दिवशी मेले, की लोक म्हणतात धसक्याने गेले. त्यांचे निदान फारसे चुकत नाही. म्हणून पहिले काम गर्दी हटवणे, कुत्री हाकलणे, मोबाइल खिशात घालणे. पाणी खोल असेल तर टेकायला काही तरी तरंगते द्यावे, चारी कोपऱ्यांना दोर बांधलेली बाज सोडावी. पाणी गुडघाभर असेल आणि जनावर उभे असेल, तर वनविभागाचे पथक येईपर्यंत त्याला तिथेच, एकटे राहू द्यावे. बाहेर काढावेच लागले तर डोळ्यांवर गमछा टाकावा, कारण अंधार झाला की ते निम्मे शांत होते. शिंगांपासून जपावे. कुशीवर आडवे पाडून ठेवू नये, रवंथ करणाऱ्या जनावराचे पोट फुगते आणि पोटातले वर येऊन फुप्फुसात जाते. छातीवर बसते ठेवावे. तोंडात पाणी ओतू नये, तेही फुप्फुसात जाते. चारही पाय एकत्र करकचून बांधण्याची कोकरू नेण्याची पद्धत इथे घातक आहे. कोल्हा, लांडगा, मुंगूस यांना तर उघड्या हाताने शिवूच नये. पिसाळलेले जनावर पुष्कळदा जखमी आणि सुस्तच दिसते. वनविभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक दोर शोधण्याआधी लावायचा असतो, नंतर नव्हे. आणि गवतात एकटे, निपचित बसलेले पाडस बहुधा जखमीही नसते आणि पोरकेही नसते. हरिणी पाडसाला लपवून चरायला जाते, दिवसातून काही वेळा येऊन पाजते. त्याला उचलून घरी आणणारा तारणारा प्रत्यक्षात त्याला आईपासून पळवून आणतो.

दुसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. कायद्याच्या धाकाने माणसे मदत करायची थांबतील, असे म्हणतात. उत्तर प्रदेशातल्या अमेठी जिल्ह्यातले सारसाचे प्रकरण त्यासाठी पुढे केले जाते. एका गावकऱ्याने २०२२ मध्ये पाय मोडलेला सारस बरा केला, तो मोकळा असूनही त्याच्याच मागे उडत राहिला. २०२३ मध्ये वनखात्याने पक्षी नेला, शेवटी तो कानपूरच्या प्राणिसंग्रहालयात पोहोचला आणि वाचवणाऱ्यावर गुन्हा नोंदवला गेला. देशभर लोकांची सहानुभूती गावकऱ्याकडे गेली, आणि सरकारी वागण्यात शहाणपण दिसले नाही हे खरेच. आकाशात उडणारा पक्षी पिंजऱ्यात गेला, तर संरक्षण कोणाचे झाले? पण या प्रकरणातून जनावर वाचवणाऱ्याकडेच राहू द्यावे असा निष्कर्ष निघत नाही. सारस माणसाला जोडीदार समजू लागला, त्याआधीच, पाय बांधला त्याच आठवड्यात, कळवायला कोणी हवे होते आणि दुसऱ्या बाजूला ऐकून घेणारे कोणी हवे होते. कलम ३९ ची मुदत नेमकी याच फटीसाठी आहे. ४८ तासांच्या आत कळवणाऱ्याला चोर समजायचे नाही, हे वनखात्याने वागण्यातून दाखवले पाहिजे. पंचनाम्यासाठी दहा हेलपाटे घालायला लावले, तर पुढच्या वेळी तो माणूस विहिरीकडे पाठ करूनच बसेल.

तिसरा आक्षेप परभणीतला शेतकरी घेतो. रोह्यांचा कळप एका रात्रीत तूर लोळवतो, रानडुकरे भुईमूग उकरतात, भरपाई वेळेवर येत नाही. त्याच रोह्याला विहिरीतून काढायला मी माझा दिवस का मोडू? या प्रश्नाला दयेचा उपदेश करून उत्तर देणे म्हणजे त्याची थट्टा आहे. पण तोच कायदा पिकांचे नुकसान करणाऱ्या जनावरांबाबत परवानगीने कारवाईची वाट ठेवतो, आणि राज्याने रोही-रानडुकरांसाठी ती वापरलीही आहे. भरपाईचे भांडण सरकारशी आहे. ते तडफडणाऱ्या जनावराच्या जिवावर भांडता येत नाही, कारण त्यातून एक रुपयाही वसूल होत नाही. आणि व्यवहाराचेच बोलायचे तर विहिरीत मेलेले जनावर दोन दिवसांत पाणी नासवते. शिवाय फाशात सापडलेली गाभण हरिणी सोडणारा फासेपारधी या शेतकऱ्याहून गरीब होता.

तारणाऱ्याचा हक्क मोडला, हे बरोबर झाले असे मी म्हणतो, पण त्याला एक अट आहे. ज्याने मालकी घेतली त्याने मालकाची कर्तव्येही घ्यायला हवीत, आणि इथे सरकारचे खाते रिकामे दिसते. नुसते उचलून दुसरीकडे सोडणे म्हणजे उपचार नव्हे. जुन्नर भागात या शतकाच्या सुरुवातीला बिबटे पकडून लांबच्या जंगलात सोडले गेले. जिथे सोडले तिथे माणसांवरचे हल्ले वाढल्याचे विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी दाखवून दिले. जखमी वन्यप्राण्यांसाठी नागपूरला सेमिनरी हिल्सवर उपचार केंद्र आहे, गोरेवाड्याला बचाव केंद्र आहे, जुन्नरजवळ माणिकडोहला बिबट्यांचे केंद्र आहे. नागपूर परभणीहून सुमारे ४०० किलोमीटर आहे. धरपकडीने आधीच खचलेले काळवीट पिंजऱ्याच्या गाडीतून तेवढा प्रवास करून जिवंत पोहोचेल, अशी आशा कोणताही पशुवैद्य धरणार नाही. त्यामुळे प्रत्यक्षात होते असे, की वनपाल जनावर गुरांच्या दवाखान्यात आणतो. तिथला डॉक्टर दिवसभर म्हशींचे वार काढून आणि लसीकरण करून थकलेला असतो, रानटी जनावराला भूल किती द्यायची याचा सराव त्याला कोणी दिलेला नसतो, आणि जनावर अंधाऱ्या शांत खोलीऐवजी बघ्यांनी वेढलेल्या ओट्यावर पडून राहते.

यात चमत्कारिक गोष्ट अशी, की ज्या जिल्ह्यात जंगल जवळजवळ नाही त्याच जिल्ह्याच्या गावी पशुवैद्यकाचे महाविद्यालय आहे. शस्त्रक्रियेची टेबले, क्ष-किरण यंत्र, शिकणारी मुले, शिकवणारे सर्जन हे सगळे परभणीत आहे. महाविद्यालय आता नागपूरच्या पशुविज्ञान विद्यापीठाखाली येते, आणि त्याच विद्यापीठाचा गोरेवाड्याच्या वन्यजीव संशोधनाशी संबंध आहे. म्हणजे ज्ञानाचा रस्ता तयार आहे, गाडी तेवढी सुटलेली नाही. दोन-चार अंधारे, गवत अंथरलेले कोंडवाडे, भूल देण्याचे सामान, रात्री फोन उचलणारा माणूस आणि बरे झालेले जनावर जिथे सापडले त्याच शिवारात सोडण्याचा लेखी नियम, एवढ्यावर मराठवाड्याच्या या भागाचे काम भागू शकते. याला खर्च कशाला, असे विचारणाऱ्याने कालव्याच्या अस्तराचा खर्च विचारात घ्यावा. आणि विहिरीच्या अनुदानाचा शेवटचा हप्ता कठडा बांधल्याशिवाय सोडायचा नाही, शेततळ्याच्या प्लास्टिकवर एका कोपऱ्यात काथ्याची जाळी किंवा गाठी मारलेला दोर सोडल्याशिवाय मोजमाप पुस्तिकेत काम पूर्ण म्हणून लिहायचे नाही, या दोन ओळी योजनेच्या शासन निर्णयात घालायला तर पैसेही लागत नाहीत. वालूरची बारव बांधणाऱ्यांनी पायऱ्या घातल्या त्या हरणासाठी नव्हे. पण त्या आहेत, आणि हरणाला त्या चढता येतात.